मोज्याच्या पाच सुया

सुया सोबत न्यायच्या की नाही, यावरून आमच्या घरात दोन दिवस धुसफूस चालली होती. बायकोचं म्हणणं एकच होतं.

"इमानात लय तपासत्यात म्हने. तुमाला धरून बसवतील, आन पोरगी तिकडं वाट बघत बसंल."

"पोरीनंच सांगितलंय, सुया चालतात म्हणून. तिनं मोबाइलवर बघितलं."

"मोबाइलवर कायबी लिव्हतेत. तुमी स्वतः इचारलं का कुनाला?"

विचारलं होतं. विमान कंपनीच्या नंबरवर दोनदा फोन केला होता. पहिल्या वेळी एका मुलीनं गोड आवाजात सांगितलं, "चालेल सर." माझा त्या गोड आवाजावर विश्वास बसला नाही, म्हणून संध्याकाळी पुन्हा लावला. या वेळी एक माणूस म्हणाला, "तिथल्या अधिकाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून आहे." हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं. सगळी नोकरी मी पाथरीला पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात कारकुनी केली. 'साहेबांच्या निर्णयावर अवलंबून आहे' हे मी शेतकऱ्यांना इतक्या वेळा सांगितलंय की त्याचा अर्थ मला पक्का ठाऊक आहे. अर्थ असा, की नियम कुणालाच माहीत नाही.

तरी मी सुया घेतल्या. कारण सांगतो.

माझा डावा पाय गुडघ्याच्या खाली नाही. नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा पाथरीच्या रस्त्यावर खच्चून भरलेल्या जीपच्या मागं लटकून जात होतो. मागून आलेला ट्रक घासून गेला. जे उरलं त्याला डॉक्टर इंग्रजीत काहीतरी म्हणतात, मी धसकट म्हणतो. ज्वारी कापल्यावर रानात खाली उरतं ते धसकट. बायकोला हा शब्द आवडत नाही, पण पाय माझा आहे.

दवाखान्यात बरेच महिने होतो. वॉर्डात एक आया होती. फावल्या वेळात खिडकीखाली बसून विणायची. सुरुवातीला माझी खात्रीच होती की माझ्या उशाशी ठेवलेली मोसंबी तीच पळवते. म्हणून मी झोपेचं सोंग घेऊन तिच्यावर नजर ठेवायचो. मोसंबी कोण नेत होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण तिचे हात बघून बघून मला टाके कळायला लागले. एक दिवस तिनंच सुया माझ्यापुढं टाकल्या. म्हणाली, "नुसतं बगून पोट भरतंय का?"

तेव्हापासून विणतो. कृत्रिम पायाच्या पोकळीत धसकट बसवायचं तर त्यावर मोजा लागतो. दिवसभरात पाय कमी-जास्त होतो, ढिला पडला की आणखी एक मोजा चढवायचा. बाजारातले मोजे मला चावतात, शिवण रुतते. म्हणून माझे मोजे मीच विणतो. असा मोजा बिनशिवणीचा, गोल विणावा लागतो. त्यासाठी पाच सुया लागतात, वीतभर लांब, पोलादी, दोन्ही टोकांना अणकुचीदार. चार सुयांवर टाके आणि पाचवी हातात.

मिशीवाला माणूस एसटीत बसून विणतो म्हटल्यावर लोक काय काय म्हणायचे. याला कसला तरी नवस असावा. अपघातात डोक्यालाही लागलं असावं. आमच्या गावातल्या, झरीतल्या एका म्हाताऱ्यानं तर माझ्या वडिलांना विचारलं होतं, पोराला पुन्हा एकदा नीट तपासून आणलं का म्हणून. सवय झाली.

तर पोरगी दिल्लीत नर्स आहे. तिनं तिथल्या एका केंद्रात माझ्या नव्या पायाची सोय केली होती. जुना पाय घोट्यात करकरायला लागला होता. मला नव्या पायाचाही भरवसा नव्हता, पण तिनं तिकीटच पाठवलं. बायको येणार नव्हती, घरी म्हैस व्यालेली. हिवाळ्याचे दिवस. नव्या पायाला नवे मोजे लागणार, आणि एक अर्धा विणून झाला होता. तो पिशवीत घातला, सुयांसकट.

आमच्या जिल्ह्यात विमानतळ नाही. पहाटे निघालो, गाडीनं काही तास गेले. कुठल्या विमानतळावर गेलो ते लिहीत नाही, उगीच कुणाला त्रास नको.

दारातच एक बाई चाकाची खुर्ची घेऊन उभी होती. चाळिशीच्या आसपासची, अंगावर गणवेश, गळ्यात ओळखपत्र. पोरीनं तिकिटाबरोबर खुर्चीही सांगून ठेवलेली.

"काका, बसा. मी नेते."

"मी चालतो."

"लांब हाय काका आत. बसा."

आमच्याकडची बोली ऐकून मी सावध झालो. परक्या ठिकाणी कुणी आपल्या बोलीत बोललं की आधी खिसा चाचपावा, हा माझा नियम. "कुठल्या तुम्ही?" मी विचारलं.

"मानवतची."

"मानवतला कुठं?"

"मोंढ्याच्या मागं. तुमाला म्हाईत हाय का?"

माहीत होतं. पण मोंढा म्हणजे धान्याचा बाजार, तो प्रत्येक तालुक्याला असतो; मोंढ्याच्या मागं असं कुणीही सांगू शकतं. मी खुर्चीत बसलो खरा, पण पिशवी मांडीवर घट्ट धरली. तिनं दोनदा म्हटलं, "काका, पिशवी खाली लावते," आणि दोन्ही वेळा मी नाही म्हणालो.

सुरक्षा तपासणीपाशी रांग होती. पिशवी पट्ट्यावर ठेवावीच लागली. ती यंत्राच्या काळ्या पडद्याआड गेली आणि मला चौकटीतून जायला सांगितलं. मी खुर्चीतून उठून चालत गेलो. चौकट कोकलली. कोकलणारच होती. मी पँट वर करून पाय दाखवला, खिशातून अपंगत्वाचं कार्ड काढलं. जवान तरुण होता, उत्तरेकडचा. त्यानं कार्ड उजेडात धरून बघितलं, उलटं केलं, माझ्या तोंडाशी ताडून पाहिलं. नोकरीत मी लोकांचे दाखले असेच बघायचो. त्याला काय संशय येतोय ते मला चांगलं कळत होतं, आणि त्याचाच राग येत होता.

"निकालना पड़ेगा," तो पायाकडं बोट करून म्हणाला.

बाजूला पडदा लावलेली एक खोली होती. तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मी पट्टे सोडले, पाय काढला. त्यानं तो ट्रेमध्ये आडवा ठेवला, बुटासकट, आणि घेऊन गेला. पडदा अर्धा उघडाच राहिला. मला बाहेरचं दिसत होतं आणि बाहेरच्यांना मी. माझा पाय कुणाच्या तरी लॅपटॉपच्या आणि कमरपट्ट्याच्या मध्ये पट्ट्यावरून सरकत चालला होता. एका बाईनं ते बघितलं आणि आपल्या लेकराला जवळ ओढून घेतलं.

पाय यंत्राच्या पडद्याआड गेला. हा माणूस पाय परत आणेल कशावरून? विमान सुटायची वेळ झाली तर? एक पाय नसलेला माणूस कुणाच्या मागं धावणार? मी मानवतच्या बाईला शोधलं. ती पलीकडं दुसऱ्या एका बाईशी काहीतरी कुजबुजत होती. मला वाटलं, माझ्याबद्दलच.

जवान परत आला. हातात पाय नव्हता, माझी पिशवी होती.

"ये किसका है?"

"मेरा."

त्यानं आतून मोजा काढला. चौकोनात अडकवलेल्या चार सुया, पाचवी लोकरीच्या गुंड्यात खुपसलेली. त्यानं ती उपसून टोक अंगठ्याला लावून बघितलं. मग गुंडा दाबला, आत काही कडक लागतंय का ते चाचपलं.

"ये क्या है?"

"स्वेटर विणायच्या… बुनाई की सुई है."

"कौन बुनता है?"

"मैं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. आधी मिशीकडं, मग हाताकडं, मग पुन्हा मिशीकडं. "आप? घरवाली का सामान है?"

"घरवाली को नै आता," मी आमच्याकडच्या हिंदीत सांगितलं. ते खरं होतं. सुई धरली की बायकोचं डोकं दुखतं.

"तो ये क्या बना रहे हो?"

"मोजा."

त्यानं मोज्यात हात घातला, आतून बाहेरून फिरवला. कपाळावर आठी चढली. "मोज़ा है तो एड़ी कहाँ है?"

मी खुर्चीत बसलो होतो, पँटचा पाय वर गुंडाळलेला, आणि धसकटावर तसाच मोजा चढवलेला. तोच रंग, तीच वीण. टाच नसलेल्या पायाला टाच नसलेला मोजा, त्याच्या डोळ्यांपुढं, हातभर अंतरावर. मी खाली बोट दाखवलं. त्यानं बघितलं आणि चटकन मान वळवली. कान लाल झाले. पण माफी मागितली नाही, मोजाही परत दिला नाही. त्याऐवजी त्यानं साहेबांना बोलावलं.

साहेब माझ्याच वयाचे, चष्मेवाले. त्यांनी सुया हातात घेतल्या, मोज्याकडं पाहिलं, मग मला म्हणाले, "बुनकर दिखाइए."

"आत्ता?"

"हाँ. आप कहते हैं आप बुनते हैं. दिखाइए."

मी नाही म्हणायला पाहिजे होतं का? पोरगी नंतर म्हणाली, म्हणायला पाहिजे होतं, हा अपमान होता. पण माझा पाय त्यांच्याकडं होता. मी मोजा हातात घेतला.

पहिले दोन टाके सुटता सुटता वाचले. मग हातांना आपलं काम आठवलं. सुलट दोन, उलट दोन, सुलट दोन, उलट दोन. एक सुई संपली की ती मोकळी होते आणि पुढच्या सुईवरचे टाके घ्यायचे. मी खाली बघत राहिलो. भोवती बुटांची गर्दी वाढलेली तेवढी जाणवत होती. कुणीतरी मोबाइल काढला असावा, कारण साहेब जोरात "फोन अंदर!" म्हणाले. एक फेरा पुरा झाला आणि मी थांबलो. साहेबांनी वाकून मोजा न्याहाळला.

"अच्छा बुनते हैं," ते म्हणाले. "लेकिन ये नहीं जाएगा."

"क्यों? नियम में चलता है."

"कौन सा नियम?"

मी पोरीनं पाठवलेलं पान मोबाइलवर उघडलं. त्यांनी ते वाचलंही नाही. "ये पुराना होगा. चार-पाँच नुकीली चीज़ें हैं. मेरी ज़िम्मेदारी है."

"तर मग विणायला का लावलं?" हे मी मराठीत म्हणालो. त्यांना कळलं की नाही ठाऊक नाही. मला आजही वाटतं, त्यांना सुयांचा संशय नव्हताच. एक पाय नसलेला, मिशा असलेला म्हातारा विणतो म्हणतो, ते खरं आहे का एवढंच त्यांना बघायचं होतं. पण हाही माझा संशयच.

जवानानं हात पुढं केला. "सुई निकालो."

सुया उपसल्या की टाके उघडे पडतात. एक जरी सुटला तर धागा वरून खालपर्यंत उसवत जातो. आठवडाभराचं काम होतं ते. मी म्हणालो, टाके कशात तरी ओवून घेतो, मग सुया घ्या. दोरी आहे का? त्यांच्याकडं दोरी नव्हती. गुंड्याची लोकर तोडून ओवावी तर ओवायला बोथट सुई लागते, आणि ती असती तर तीही त्यांनी घेतली असती.

तेवढ्यात पाय परत आला. जवानाचा सोबती ट्रे घेऊन आला, आणि मला त्या बुटाची नाडी दिसली. नाडीच्या टोकाला प्लॅस्टिकचं टोपण असतं. मी कृत्रिम पाय मांडीवर आडवा घेतला, बुटाची नाडी सगळी ओढून काढली, आणि एकेक टाका सुईवरून नाडीवर घ्यायला लागलो. जवान डोक्यावर उभा. नाडीसुद्धा त्यानं आधी चिमटीत धरून तपासली.

सगळे टाके ओवून झाले, नाडीची गाठ मारली. सुया मोकळ्या झाल्या. त्यानं त्या उचलल्या आणि कोपऱ्यातल्या डब्याकडं निघाला. डब्यात कात्र्या, नेलकटर, काड्यापेट्या, एक विळीसुद्धा होती.

"ओ दादा, थांबा," मागून आवाज आला. मानवतची बाई. ती जवानाशी हिंदीत बोलली, मग माझ्याकडं वळली. "काका, डब्यात गेल्या तर गेल्या. मी बाहेर नेऊन ठेवते माझ्याजवळ. परत येताल तवा घ्या."

हिला काय मिळणार यातून? जुन्या सुयांचं ही काय करणार? पण डब्यात टाकण्यापेक्षा बरं. मी मान हलवली. तिनं तिचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये टाकला आणि स्वतःच मिस कॉल देऊन खात्री करून घेतली. जवानानं साहेबांकडं बघितलं, साहेबांनी हात झटकला, म्हणजे न्या. तिनं सुया एका कागदात गुंडाळल्या आणि बाहेर ठेवून परत आली.

मी पाय बांधला. बिननाडीचा बूट ढिला झाला होता. खोट्या पावलाला बूट निसटलेला कळत नाही, त्यामुळं चालताना दर पावलाला खाली बघावं लागत होतं. शेवटी मीच म्हणालो, "खुर्ची आणा." तिनं आणली. विमानाच्या दारापर्यंत ती मला घेऊन गेली. मी तिचे आभार मानले की नाही, आता आठवत नाही.

विमानात माझे हात रिकामे होते. शेजारच्या सीटवर एक माणूस लोखंडी टोकाच्या पेननं शब्दकोडं सोडवत होता. मी संपूर्ण प्रवासात त्या पेनकडं बघत होतो.

दिल्लीत पोरगी न्यायला आली होती. तिनं आधी बूट बघितला. "बाबा, नाडी कुठं आहे?" मी पिशवीतून मोजा काढून दाखवला. ती तिथंच, माणसांच्या गर्दीत उभी राहून भडकली. घरी जाऊन तिनं लांबलचक तक्रार लिहिली, ईमेलनं पाठवली. पायाचं माप, बसवणं, चालायचा सराव, सगळं होईपर्यंत तक्रारीचं उत्तर आलं. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्हाला खेद आहे. प्रवाशांची सुरक्षितता सर्वोच्च आहे. संबंधितांना योग्य त्या सूचना दिल्या आहेत. पोरगी म्हणाली, "बघितलंत, दखल तरी घेतली." मी ते दोनदा वाचलं. सुया चालतात की नाही, हे त्यात कुठंच नव्हतं. अशी उत्तरं मी स्वतः टाईप केलेली आहेत. कुणी लिहिलं असेल त्याला काम चांगलं येतं.

परतीसाठी पोरीनं बांबूच्या सुया आणून दिल्या. त्याही पाच, त्याही टोकदार. तपासणीला त्या निघाल्या, तिथल्या बाईनं बघितल्या आणि पिशवीत परत ठेवल्या. नव्या पायावरूनही नुसतं यंत्र फिरवून सोडलं. "जाइए बाबा." मला आनंद व्हायला हवा होता. पण मी पुढं जाऊन बाकावर बसलो आणि पिशवी पुन्हा उघडून बघितली, काही काढून तर घेतलं नाही ना म्हणून.

आमच्याकडच्या विमानतळावर उतरलो तेव्हा मानवतची बाई नव्हती. दुसऱ्या खुर्चीवाल्यानं सांगितलं, सुट्टीवर आहे. फोन लावला, बंद. घरी आल्यावर पुन्हा लावला, बंदच. बायकोनं विचारलं आणि मी सांगितलं.

"गेल्या सुया," ती म्हणाली. "मोंढ्याच्या मागं म्हनं! मानवतला मोंढ्याच्या मागं अर्धं गाव राहतंय."

बांबूच्या सुयांनी मला जमत नव्हतं. टाके त्यावरून सरकतच नाहीत, चिकटून बसतात. मोजा तसाच नाडीवर लटकत राहिला.

संक्रांतीच्या सुमारास एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "काका, ओळखलं का? आधीचा मोबाइल पान्यात पडला वो माझा. तुमचा नंबर आत्ता घावला. मी मानवतला आलेय सणाला. तुमच्या सुया आणल्यात."

बायको म्हणाली, इतक्या दिवसांनी कसा नंबर घावला? जाऊ नका. मलाही तसंच वाटत होतं. तरी दुसऱ्या दिवशी परभणीला आलो आणि तिथून एसटीनं मानवतला गेलो. ती स्टँडवरच उभी होती, साडीत. गणवेश नसल्यामुळं मी तिला ओळखलंच नाही, तिनंच हाक मारली. नव्या पायाकडं बघून म्हणाली, "आता चांगलं चालायलाव की." मला घरी नेलं. घर खरंच मोंढ्याच्या मागं होतं. तिळगूळ दिला, चहा दिला. जाताना वर्तमानपत्राची एक गुंडाळी हातात ठेवली, रबरानं बांधलेली.

एसटीत बसल्यावर मी ती सोडली. चार सुया होत्या.

मी तिथूनच फोन केला. ती म्हणाली, "चारच होत्या काका. मी तशाच ठिवल्या, उघडल्यासुदीक न्हाईत." तिच्या आवाजात काही खोट वाटली नाही. पण आवाजावरून कुणाचं काय कळतं?

घरी आल्यावर बायको म्हणाली, "एक त्या जवानानं ठिवून घेतली आसंल. न्हाईतर तुमीच चार नेल्या असताल."

"पाच नेल्या होत्या. मी काय आज विणायला लागलो का?"

"मग त्या बाईनं कशाला एकच सुई ठिवावी? तुमीच सांगा."

मी सुया पुन्हा मोजल्या, चारच. चार सुयांवरही मोजा होतो. टाके तीन सुयांवर घ्यायचे आणि चौथी हातात धरायची. वीण जरा ओढली जाते, पण चालतं. त्या आठवड्यात मी मोजा पुरा केला. धुऊन, वाळवून नव्या पायात घातला, आणि तो चावत नाही.

पोरगी म्हणते, उन्हाळ्यात या, पाय पुन्हा तपासून घ्यायचाय. मी तिला सांगितलंय, रेल्वेनं येईन. बायकोला पटलं नाही. तिचं म्हणणं, रेल्वेत तर रात्रभर कोण कोण येऊन बसतंय, त्यापेक्षा इमान बरं.